बांधकाम विमा

बांधकाम विमा म्हणजे इमारत, रस्ता, पूल, धरण, बोगदा यांसारखे काम सुरू असताना त्या कामाला, तेथील साहित्याला व यंत्रसामग्रीला अकस्मात होणाऱ्या हानीची, तसेच त्या कामामुळे त्रयस्थांना पोहोचणाऱ्या इजेची आर्थिक भरपाई देणारा विमा होय. सर्वसाधारण विम्याच्या अभियांत्रिकी विमा या शाखेत त्याचा समावेश होतो. भारतात त्याचा सर्वाधिक रूढ प्रकार ‘कंत्राटदार सर्व जोखीम विमा’ हा असून व्यवहारात तो ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसी’ किंवा थोडक्यात ‘सी.ए.आर. पॉलिसी’ या नावाने ओळखला जातो. कारखान्यातील यंत्रे, पोलादी सांगाडे इत्यादींच्या उभारणीसाठी ‘उभारणी सर्व जोखीम विमा’ हा स्वतंत्र प्रकार आहे.

‘सर्व जोखीम’ या नावामुळे बांधकामाशी संबंधित प्रत्येक नुकसान या विम्यातून भरून मिळते, असा समज होण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात जी जोखीम विमापत्रात स्पष्टपणे वगळलेली नाही तिच्यामुळे झालेली अकस्मात भौतिक हानी, एवढाच या शब्दांचा अर्थ आहे. कामाला झालेला विलंब, निकृष्ट काम, जमिनीच्या मालकीहक्कातील दोष आणि कामावरील मजुरांचा मृत्यू किंवा अपंगत्व हे विषय या विमापत्राच्या कक्षेबाहेरचे असून त्यांच्यासाठी वेगळी विमापत्रे किंवा वेगळे कायदे आहेत.

इतिहास

बांधकामातील दोषाची जबाबदारी बांधणाऱ्यावर टाकण्याची कल्पना विम्याहून कितीतरी जुनी आहे. इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातील बाबिलोनियाच्या हम्मुराबीच्या संहितेत, घर कोसळून घरमालक दगावल्यास घर बांधणाऱ्यास देहदंड सांगितला आहे. घरातील चीजवस्तूंची हानी झाल्यास ती भरून देऊन त्याने घर स्वखर्चाने पुन्हा बांधून द्यावे, असाही नियम तीत आढळतो.

१६६६ साली लंडन शहर मोठ्या आगीत जळाल्यानंतर निकोलस बार्बन याने १६८०च्या सुमारास घरांचा आगविमा उतरवणारी पेढी सुरू केली. बार्बन स्वतः इमारती बांधण्याच्या धंद्यात होता. तथापि हा विमा बांधून पूर्ण झालेल्या घरांचा होता. अर्धवट अवस्थेतील कामाला विमासंरक्षण मिळण्यास पुढे सुमारे अडीचशे वर्षे जावी लागली. मधल्या काळात, एकोणिसाव्या शतकात, इंग्लंडच्या मँचेस्टर परिसरात बाष्पकांचा म्हणजे बॉयलरचा विमा सुरू झाला व त्यातून अभियांत्रिकी विम्याची शाखा वाढली. १९२९ साली लंडनमध्ये थेम्स नदीवरील लँबेथ पुलाच्या कामासाठी दिलेले विमापत्र हे कंत्राटदार सर्व जोखीम प्रकारातील पहिले मानले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात पुनर्बांधणीची मोठी कामे निघाली, तेव्हा या विम्याचा प्रसार झाला.

भारतात १९७२ च्या कायद्यान्वये सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले. १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा कंपन्यांचे विलीनीकरण होऊन नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल व युनायटेड इंडिया या चार कंपन्या आणि त्यांच्यावर भारतीय सर्वसाधारण विमा महामंडळ अशी रचना अस्तित्वात आली. अभियांत्रिकी विम्याचे दर व विमापत्रांचा मजकूर त्या काळात दरनिश्चिती सल्लागार समिती ठरवीत असे. १९९९ च्या कायद्याने विमा नियामक व विकास प्राधिकरणाला वैधानिक दर्जा मिळाला आणि २००० पासून खाजगी कंपन्यांना प्रवेश खुला झाला. १ जानेवारी २००७ पासून दरांवरील हे नियंत्रण उठले. तेव्हापासून प्रत्येक कंपनी जोखमीचा अंदाज घेऊन आपले दर स्वतः ठरवते. मोठ्या प्रकल्पांच्या जोखमीचा काही भाग पुनर्विम्याद्वारे देशातील व परदेशातील पुनर्विमा कंपन्यांकडे सोपवला जातो.

विमाधारक

या विमापत्रात एकाहून अधिक विमाधारक असू शकतात. काम करवून घेणारा मालक किंवा विकासक, मुख्य कंत्राटदार व पोटकंत्राटदार या सर्वांची नावे एकाच विमापत्रात घालण्याची पद्धत आहे. एकाच जागेवर अनेकांचे साहित्य व श्रम एकत्र आलेले असतात. हानी झाल्यावर ती कोणाच्या चुकीने झाली यावर वाद घालण्यापेक्षा काम पुन्हा उभे करणे सर्वांच्या हिताचे ठरते. प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या बँकेच्या हितसंबंधाचीही विमापत्रात नोंद केली जाते. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात जमीन गृहनिर्माण संस्थेच्या मालकीची असते, तर विमा बहुधा विकासक उतरवतो. संस्थेचे नाव सहविमाधारक म्हणून नसल्यास भरपाईच्या रकमेवर तिला थेट हक्क सांगता येत नाही.

विमापत्राची रचना

कंत्राटदार सर्व जोखीम विमापत्राचे सामान्यतः दोन विभाग असतात.

पहिला विभाग भौतिक हानीचा आहे. त्यात पाया, जोते, खांब, तुळया, स्लॅब, भिंती इत्यादी कायमस्वरूपी काम आणि परांची, सेंट्रिंग, तात्पुरते बांध यांसारखे तात्पुरते काम येते. कामाच्या जागी आणून ठेवलेले सिमेंट, सळई, खडी, विटा, लाद्या या साहित्याचाही त्यात समावेश होतो. आग, वीज कोसळणे, पूर, वादळ, भूकंप, जमीन खचणे, दरड कोसळणे, चोरी, मजुराच्या हातून झालेली चूक, काम सुरू असताना होणारी पडझड ही हानीची प्रमुख कारणे होत. मिक्सर, क्रेन, उत्खनन यंत्र, वाळू-खडी वाहणारे पट्टे अशी यंत्रसामग्री याच विभागात वेगळी नोंदवून संरक्षित करता येते किंवा तिच्यासाठी स्वतंत्र वार्षिक विमापत्र घेता येते. मात्र यंत्राचा अंतर्गत बिघाड आणि सार्वजनिक रस्त्यावर चालण्यासाठी नोंदणी झालेली वाहने यांना या विभागात स्थान नाही. कोसळलेल्या कामाचा राडारोडा हलवण्याचा खर्च मिळावा म्हणून वेगळी रक्कम नमूद करावी लागते.

दुसरा विभाग त्रयस्थांप्रति असलेल्या जबाबदारीचा आहे. कामामुळे रस्त्यावरील पादचारी जखमी झाला, शेजारच्या घरावर परांची कोसळली किंवा उभ्या वाहनावर विटा पडल्या, तर विमाधारकावर कायद्याने येणारी भरपाई, विमापत्रात ठरलेल्या मर्यादेपर्यंत, विमा कंपनी देते.

विमित रक्कम व सरासरीचे तत्त्व

पहिल्या विभागातील विमित रक्कम ही पूर्ण झालेल्या कामाच्या संपूर्ण किमतीइतकी असावी लागते. तीत साहित्य, मजुरी, वाहतूक, कर आणि मालकाने स्वतः पुरवलेले साहित्य हे सर्व धरावे लागते. हप्ता कमी बसावा म्हणून किंमत कमी दाखवल्यास सरासरीचे तत्त्व लागू होते. उदाहरणार्थ, एखाद्या इमारतीची पूर्ण किंमत १० कोटी रुपये असून विमा ८ कोटींचा उतरवला असेल, तर ५० लाखांच्या हानीपैकी दहा भागांतील आठ भाग, म्हणजे ४० लाख रुपये ग्राह्य धरले जातात. विमापत्रात ५ लाखांची अनिवार्य वजावट असल्यास हाती ३५ लाख येतात व उरलेले १५ लाख विमाधारकालाच सोसावे लागतात.

काम अनेक वर्षे चालल्यास सिमेंट व पोलादाचे भाव वाढून मूळ रक्कम अपुरी पडते. त्यासाठी विमित रक्कम ठरावीक टक्क्यांनी वाढत जाईल, अशी तरतूद जादा हप्ता भरून करून घेता येते.

अनिवार्य वजावट म्हणजे प्रत्येक हानीतील विमाधारकाचा स्वतःचा वाटा. भूकंप, पूर, वादळ, जमीन खचणे व पडझड यांसाठी ती साधारण हानीपेक्षा अधिक असते. वादळ किंवा भूकंप सलग ७२ तासांत पुन्हा पुन्हा झाल्यास ती एकच घटना मानण्याची तरतूद असते. त्यामुळे वजावट एकदाच लागू होते.

हप्ता ठरवताना कामाचा प्रकार, मुदत, इमारतीची उंची, तळघरांची खोली, नदी किंवा समुद्रापासूनचे अंतर, भूकंपप्रवण क्षेत्र आणि कंत्राटदाराचा अनुभव हे मुद्दे पाहिले जातात. महाराष्ट्रात पावसाळ्याचे चार महिने विशेष महत्त्वाचे ठरतात. खोल पायाची खोदाई पावसाळ्याच्या तोंडावर सुरू होत असेल, तर पाणी उपसण्याची व्यवस्था, कडांना आधार आणि पाण्याला वाट करून देणे यांबाबतच्या अटी विमापत्रात घातल्या जातात. त्या अटी पाळल्या नसल्याचे आढळल्यास दावा अडचणीत येतो.

मुदत

काम सुरू झाल्यापासून किंवा साहित्य कामाच्या जागी उतरवल्यापासून संरक्षण सुरू होते. काम मालकाच्या ताब्यात दिल्यावर किंवा वापरात आणल्यावर ते संपते. संपूर्ण प्रकल्प अपुरा असला तरी जो भाग वापरात आला, त्या भागापुरते संरक्षण तेथेच थांबते. त्यामुळे बांधकाम चालू असलेल्या संकुलातील एखाद्या पूर्ण इमारतीत रहिवासी राहावयास आले, की त्या इमारतीला मालमत्तेचा वेगळा विमा आवश्यक ठरतो. घरांच्या इमारतींसाठी १ एप्रिल २०२१ पासून देशात उपलब्ध असलेले ‘भारत गृह रक्षा’ हे प्रमाणित विमापत्र त्यांपैकी एक आहे.

ताबा दिल्यानंतरच्या देखभाल काळासाठी जोड संरक्षण घेता येते. कंत्राटातील दुरुस्तीची जबाबदारी पार पाडताना कंत्राटदाराकडून होणारी हानी त्यात येते. विस्तारित प्रकारात, बांधकामाच्या काळातील कारणाने पुढे उद्भवलेली हानीही समाविष्ट असते.

काम पूर्णतः किंवा अंशतः बंद पडल्यामुळे होणारी हानी मूळ विमापत्रात वगळलेली असते. पैशाअभावी किंवा न्यायालयीन वादामुळे रखडलेल्या प्रकल्पाचा उघडा सांगाडा उन्हापावसात उभा राहतो, तेव्हा त्यावर विमाछत्र असेलच असे नाही. अशा काळासाठी कंपनीला कळवून मर्यादित संरक्षण मागून घ्यावे लागते.

वगळलेल्या बाबी

युद्ध, अणुकिरणोत्सर्ग, विमाधारकाने हेतुपुरस्सर केलेली हानी, गंज व झीज, कागदपत्रे व रोकड यांचे नुकसान, केवळ साठामोजणीच्या वेळी उघडकीस आलेली तूट आणि विलंबामुळे बसणारा दंड या बाबी सर्वसाधारणपणे वगळलेल्या असतात. दहशतवादी कृत्यांचे संरक्षण जादा हप्ता भरून मिळते. त्यासाठी भारतीय विमा कंपन्यांनी २००२ साली सामायिक निधी उभारला आहे.

सदोष काम व सदोष आराखडा यांतील फरक वादाचे मोठे कारण ठरतो. प्रमाणित विमापत्रानुसार निकृष्ट साहित्य किंवा कारागिरी बदलण्याचा खर्च मिळत नाही, पण तिच्यामुळे झालेल्या अपघातात योग्य रीतीने बांधलेल्या भागाची हानी झाल्यास ती भरून मिळते. उदाहरणार्थ, हलक्या प्रतीच्या काँक्रीटमुळे एक खांब खचून वरचे दोन स्लॅब कोसळले, तर त्या खांबाचा खर्च कंत्राटदाराने करावयाचा आणि स्लॅबांचा खर्च विमा कंपनीने द्यावयाचा असतो. मात्र दोष आराखड्यातच असेल, तर मूळ विमापत्रात संपूर्ण हानी वगळली जाते. आराखड्यातील दोषाचे परिणाम संरक्षित करणारी तरतूद वेगळी घ्यावी लागते. वास्तुविशारद व संरचना अभियंते यांच्यासाठी व्यावसायिक जबाबदारीचा विमाही असतो.

दुसऱ्या विभागातही एक महत्त्वाचे अपवर्जन आहे. खोदाईच्या हादऱ्यांमुळे किंवा जमिनीचा आधार कमी झाल्यामुळे शेजारच्या इमारतीला पोहोचणारी हानी, विशेष तरतूद केलेली नसल्यास, भरून मिळत नाही. दाट वस्तीच्या शहरांत जुन्या चाळींच्या व इमारतींच्या लगत दोन-तीन मजली तळघरे खोदली जातात, तेथे हीच हानी होण्याचा संभव सर्वाधिक असतो. ही तरतूद घेताना काम सुरू करण्यापूर्वी शेजारच्या इमारतींची पाहणी करून त्यांतील जुन्या भेगांची नोंद व छायाचित्रे ठेवणे विमाधारकावर बंधनकारक असते. ही नोंद नसल्यास भेग जुनी की नवी, हे सिद्ध करणे दोन्ही बाजूंना कठीण जाते.

कामगार व त्यांची कुटुंबे

त्रयस्थ या संज्ञेत कामावरील मजूर येत नाहीत. मालक, कंत्राटदार किंवा प्रकल्पाशी संबंधित कोणत्याही संस्थेचे कर्मचारी व कामगार यांना झालेली इजा दुसऱ्या विभागातून वगळलेली आहे. हेच अपवर्जन प्रमाणित मजकुरात त्यांच्या कुटुंबीयांनाही लागू केलेले असते.

कामगारांच्या भरपाईचा मूळ आधार १९२३ चा कामगार नुकसानभरपाई अधिनियम हा होता. पुढे त्याचे नाव कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम असे झाले व त्याच्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट करण्यात आल्या. कामामुळे व काम करीत असताना अपघाती मृत्यू आल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून भरपाई काढली जाते. १९२३ च्या कायद्याखाली जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये होती. तीस वर्षांच्या कामगारासाठी चौथ्या अनुसूचीतील गुणक २०७.९८ आहे. या मर्यादेनुसार त्याच्या वारसांना देय होणारी रक्कम ७,५०० गुणिले २०७.९८ म्हणजे १५,५९,८५० रुपये होते. भरपाई वेळेत न दिल्यास व्याज व दंडाची तरतूद आहे.

कामगार पोटकंत्राटदाराचा असला तरी मुख्य मालकाची जबाबदारी टळत नाही. त्याने भरपाई देऊन ती नंतर पोटकंत्राटदाराकडून वसूल करावी, असे तत्त्व कायद्यात आहे. ही जबाबदारी विमा कंपनीकडे सोपवण्यासाठी कंत्राटदार कर्मचारी भरपाईचा स्वतंत्र विमा घेतात. त्याचा हप्ता कामगारांची संख्या, कामाचे स्वरूप व जाहीर केलेले वेतन यांवर ठरतो. मुकादमामार्फत नाक्यावरून रोजंदारीवर आणलेल्या गवंडी व बिगाऱ्यांची नावे हजेरीपटावर नसतील, तर अपघातानंतर तो मजूर त्याच कामावर होता, हे सिद्ध करण्यापासून वारसांची अडचण सुरू होते.

इमारत व इतर बांधकाम कामगारांविषयीच्या १९९६ च्या कायद्यांनुसार बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर वसूल केला जाऊ लागला व त्यातून कल्याणकारी मंडळे चालतात. वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या, १८ ते ६० वर्षे वयाच्या कामगाराला मंडळाकडे नोंदणी करता येते. मंडळाचे साहाय्य हा विमा नव्हे. ते मालकावरील भरपाईच्या जबाबदारीची जागा घेत नाही.

अलीकडच्या काही दुर्घटनांवरून या तरतुदींचे महत्त्व लक्षात येते. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शीळ येथे परवानगीविना बांधली जात असलेली इमारत कोसळून ७४ जण मृत्युमुखी पडले. २९ जून २०१९ रोजी पुण्यातील कोंढवा येथे मुसळधार पावसात एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत लगतच्या बांधकामावरील मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जण दगावले. त्यांत लहान मुलेही होती. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेपूर्वी समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे तुळया बसवणारे अवजड यंत्र कोसळून २० जणांचा मृत्यू झाला. कामाच्या जागीच राहणाऱ्या मजुराची पत्नी व मुले कामगार नसल्याने कर्मचारी भरपाईच्या विम्यात येत नाहीत आणि कुटुंबीय असल्याने त्रयस्थ विभागातूनही वगळली जातात. त्यांच्यासाठी समूह अपघात विमा वेगळा उतरवला नसेल, तर ती दोन्ही विमापत्रांच्या बाहेर राहतात.

घरखरेदीदार व स्थावर संपदा कायदा

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १६ मध्ये प्रवर्तकाने म्हणजे विकासकाने उतरवावयाच्या विम्याचा उल्लेख आहे. त्यात जमीन व इमारतीचा मालकीहक्क आणि प्रकल्पाचे बांधकाम अशा दोन बाबी नमूद आहेत. हप्ते विकासकाने भरावयाचे असून विक्रीकरार होताना विम्याचा लाभ खरेदीदारांकडे किंवा त्यांच्या संस्थेकडे हस्तांतरित व्हावा व संस्था स्थापन झाल्यावर विम्याची कागदपत्रे तिच्या स्वाधीन करावीत, असे कलमात म्हटले आहे. मात्र ‘समुचित शासन अधिसूचित करील असे विमे’ अशी कलमाची शब्दरचना आहे. त्यामुळे त्याची अंमलबजावणी शासनाच्या अधिसूचनेवर अवलंबून राहते.

याच कायद्याच्या कलम १४ नुसार, ताबा दिल्यापासून पाच वर्षांत संरचनेतील, कारागिरीतील किंवा गुणवत्तेतील दोष निदर्शनास आणल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा असतो. मालकीहक्कातील दोषामुळे झालेल्या हानीच्या भरपाईला कलम १८ अन्वये मुदतीचे बंधन नाही. या जबाबदाऱ्या विकासकाच्या आहेत. बांधकामाच्या काळातील सर्व जोखीम विमापत्रातून त्यांची पूर्तता होत नाही. दोषांसाठी ‘अंतर्निहित दोष विमा’ हा वेगळा प्रकार असून भारतात तो अनिवार्य नाही.

घरखरेदीदाराला सर्वाधिक चिंता वाटते ती ताबा लांबण्याची किंवा प्रकल्प बंद पडण्याची. मोठ्या औद्योगिक प्रकल्पांत, विमापत्राखालील भौतिक हानीमुळेच काम लांबल्यास बुडालेला नफा देणारा विमा मिळतो. तो प्रकल्पाच्या मालकासाठी असतो, खरेदीदारासाठी नव्हे. विकासकाच्या आर्थिक अडचणीमुळे झालेला विलंब त्यातही येत नाही. त्यासाठी खरेदीदाराला महारेराकडे, म्हणजे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे दाद मागता येते.

शासकीय कामे

शासकीय निविदांत विमा ही कंत्राटाची अट असते. आंतरराष्ट्रीय पातळीवर वापरल्या जाणाऱ्या ‘फिडिक’ या अभियंता महासंघाच्या नमुना करारांतही विम्यासाठी स्वतंत्र कलम आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम विभागासारख्या विभागांच्या निविदांमध्ये कंत्राटदार सर्व जोखीम विमा व कामगार भरपाईचा विमा हे राज्याच्या विमा संचालनालयाकडून, म्हणजे शासकीय विमा निधीतून घेण्याची अट घालण्यात येत आली आहे. कंत्राटदाराने अन्य कंपनीचा विमा घेतल्यास तो ग्राह्य न धरता हप्त्याची रक्कम त्याच्या देयकातून कापून घेण्याची तरतूदही अशा निविदांत आढळते.

विमा व जामीनरोखा यांत फरक आहे. कंत्राटदाराने काम अर्धवट सोडल्यास मालकाला रक्कम मिळावी म्हणून पूर्वापार बँक हमी घेतली जाते. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार भारतातील सर्वसाधारण विमा कंपन्यांनाही असे जामीनरोखे देता येतात. दिलेली रक्कम कंपनी कंत्राटदाराकडून वसूल करू शकते. विम्याची भरपाई अशी परत करावी लागत नाही.

दावा व तंटा

हानी होताच कंपनीला कळवणे, अधिक हानी टाळण्यासाठी वाजवी उपाय करणे, पाहणी होईपर्यंत अवशेष शक्यतो न हलवणे आणि चोरीच्या बाबतीत पोलिसांत तक्रार नोंदवणे ही विमाधारकाची कर्तव्ये आहेत. विमा अधिनियम, १९३८ नुसार ठरावीक रकमेपेक्षा मोठ्या हानीचे मूल्यमापन परवानाधारक सर्वेक्षकाकडून करून घ्यावे लागते. सर्वेक्षक मंजूर नकाशे, कामाची रोजनोंद, मोजमाप पुस्तक, साहित्याच्या पावत्या, काँक्रीटच्या चाचण्यांचे अहवाल, हजेरीपट व हवामानाच्या नोंदी तपासतो. याच कायद्यानुसार हप्ता आगाऊ जमा झाल्याशिवाय विमा कंपनीला जोखीम स्वीकारता येत नाही. त्यामुळे हप्त्याचा धनादेश न वटल्यास विमाधारकाला संरक्षण मिळत नाही.

दावा नाकारल्यास कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे आणि ग्राहक आयोगाकडे किंवा दिवाणी न्यायालयाकडे जाता येते. व्यक्ती व सूक्ष्म उद्योगांना ठरावीक मर्यादेपर्यंत विमा लोकपालाकडेही दाद मागता येते. व्यावसायिक संस्थेने घेतलेला विमा हा हानी भरून काढण्यासाठी असतो, नफा मिळवण्यासाठी नव्हे. म्हणून अशी संस्थाही ग्राहक ठरू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली हरसोलिया मोटर्स प्रकरणात दिला.

इतर देशांतील पद्धती

फ्रान्समध्ये ४ जानेवारी १९७८ च्या कायद्याने बांधकामासाठी दुहेरी विमा अनिवार्य करण्यात आला. हा कायदा स्पिनेटा कायदा म्हणून ओळखला जातो. त्यानुसार बांधणाऱ्याने काम स्वीकारल्यापासून दहा वर्षांच्या जबाबदारीचा विमा घ्यावयाचा असतो आणि बांधकाम करवून घेणाऱ्याने हानीचा वेगळा विमा उतरवावयाचा असतो. दोष कोणाचा, याचा निकाल लागण्याची वाट न पाहता दुसऱ्या विम्यातून दुरुस्तीचा खर्च मिळतो व जबाबदारीचा हिशेब नंतर विमा कंपन्या आपसांत करतात. ब्रिटनमध्ये १९३६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय गृहबांधणी परिषदेमार्फत नव्या घरांना दहा वर्षांची हमी व विमासंरक्षण देण्याची पद्धत रूढ आहे. या दोन्ही व्यवस्थांत घर ताब्यात घेतल्यानंतरचा काळ व घरात राहणारी व्यक्ती हे विम्याचे केंद्र आहे.

मर्यादा

भारतातील खाजगी बांधकामांत विम्याचा आग्रह मुख्यतः कर्ज देणाऱ्या बँका व मोठे मालक धरतात. गावात किंवा शहराच्या कडेला स्वतःच्या जागेवर मिस्त्रीकरवी घर बांधून घेणारे बहुसंख्य लोक या व्यवस्थेच्या बाहेर असतात. परवानगीविना होणारी बांधकामेही तिच्यात बसत नाहीत, कारण कायद्याचे व अभियांत्रिकी नियमांचे पालन ही विमापत्राची अट असते. विमा अपघात टाळत नाही. तथापि सुरक्षिततेच्या अटी व कामाची पाहणी यांद्वारे तो काही प्रमाणात शिस्त आणतो. एखाद्या प्रकल्पाचा विमा आहे, एवढ्या माहितीवरून शेजारी, कामगार, त्याचे कुटुंब किंवा घरखरेदीदार यांपैकी कोण संरक्षित आहे, हे समजत नाही. ते विमापत्रातील विमाधारकांची नावे, जोड तरतुदी व वगळलेल्या बाबी यांवरून ठरते.